खांद्याला विचारून

त्र्यंबक नाक्याच्या ऑफिसात टेबलावर
भुलीच्या तीन बंदुका. बजेट एकीचं.
अहिरराव साहेब म्हणाले, तूच उचलून बघ,
उसात तुलाच शिरायचंय.

पहिली देखणी. तिच्या किमतीत
आमची बंद पडलेली जीप दोनदा चालू झाली असती.
दुसरी स्वस्त, पण जड;
चांदोरीच्या चिखलात गुडघाभर रुतल्यावर
असलं लोखंड खांद्यावर नको.

तिसरी हलकी. नळी जरा आखूड.
बिबट्याला चालेल, तरसाला चालेल,
दाब कमी केला की विहिरीत पडलेल्या कोल्ह्यालाही.
विक्रेता म्हणाला, मॅडम, ऑलराउंडर आहे.

मागे लिंबाला कोंड्याचं पोतं टांगलं.
वीस पावलांवरून पिसाची सुई
बरोबर मांडीच्या खुणेत.
टाळ्या पडल्या.
पोतं मुकाट लटकत राहिलं,
त्याला कुठं पळायचं होतं!

सही करता करता विचारलं,
भूल चढायला दहा मिनिटं लागतात.
तोवर बांधावरची दोनशे माणसं,
त्यांच्या शिट्ट्या, मोबाईल, हातातले दगड,
त्यांना कशानं झोपवू?

विक्रेत्यानं कॅटलॉग चाळला.
खरंच चाळला.