अकरा मिनिटं

खरसुंडीच्या माळावर, बैलबाजाराच्या कडेला
आमची गाडी. पुढं बिऱ्हाड, मागं जनरेटर.
अकरा मिनिटं चालतो.
मग घरघर, उचकी, गप्प.
पडद्यावरचा खुनी सुरा उगारून अंधारात जातो
आणि तंबूभर शिट्ट्या.

फिल्टर बदलला. नोझल पुसला.
पाईप तोंडानं ओढला, जिभेवरचं डिझेल
दोन कप चहानंही गेलं नाही.
ऑईल बरोबर, पट्टा बरोबर.
पुन्हा हँडल. पुन्हा अकरा.

विट्याहून दस्तगीर मुलाणी आला.
हत्यारांची पिशवी सोडलीच नाही त्यानं.
टाकीला कान लावून बसला,
अडलेल्या शेळीजवळ बसावं तसा.
घरघर सुरू झाली तसं
टाकीचं झाकण अर्धा आटा सैल केलं.
फुस्स.
मशीन चालूच.

"झाकणाला भोक असतंय, सुईएवढं. हवेला.
हे बुजवलं कुणी?"

अण्णांनी.
मी चार वर्षांची, टाकीला पाय लावून झोपायचे,
घाटात डिझेल उसळायचं गोधडीवर.
एम-सीलवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे अजून.
मग इतकी वर्षं कसा चालला?
झिजलेल्या वायसरातनं चोरून श्वास घेत.
तो वायसर मीच बदलला, परवा,
नवाकोरा, घट्ट.

दस्तगीरनं तंबू शिवायचं दाभण मागितलं.
म्हटलं, ठसा सोडून टोच.
त्यानं बॅटरी जवळ धरली, जागा शोधली.

खुनी उगारल्या हातानं परत आला.
दस्तगीर मागच्या बांबूला टेकून शेवटपर्यंत बघत राहिला.
तिकीट मी मागितलं नाही,
मजुरी त्यानं.