सहावी रेघ

नॉरशोपिंगमध्ये नदीकाठी जिथे लोकर विणली जायची
त्याच विटांच्या आत आम्ही आता इलेक्ट्रोड छापतो:
चांदीची शाई, जाळीची चौकट, रबरी पातं
आणि सायीइतकी पातळ फिल्म.
एका ओढीत आठ टिकल्या, आठ रेघा.
मग भट्टीत दहा मिनिटं. वास जळक्या साखरेचा.

गुनबोर्ग आली नोव्हेंबरात, दुपारी चारला,
म्हणजे रात्रीच.
वय चौऱ्याऐंशी. डावा हात
दुसऱ्या कुणीतरी कोटाच्या खिशात ठेवून दिल्यासारखा.
"या खिडकीपाशी माझे दोन माग होते," ती म्हणाली.
"तुमच्या भट्टीच्या जागी मुकादम उभा राहायचा.
तोही असाच तापलेला."

फिल्म चिकटवली मनगटापासून वर.
कातडी सुरकुतली तशी तीही सुरकुतली.
आम्ही यालाच यश म्हणतो.
"अंगठा उचला," फोल्के म्हणाला.
अंगठा हलला नाही.
पण पडद्यावर सात ठिकाणी
बारीक कुसळं उभी राहिली.
हुकूम स्नायूपर्यंत पोचत होता,
पुढे कुणी उठत नव्हतं, एवढंच.
सहावी रेघ तेवढी सपाट.
फोल्केनं वहीत लिहिलं: सहा, प्रतिसाद नाही.
पेन्सिलीचा आवाज मला ऐकू आला.
तिलाही.

"काढा ते."
उजव्या हातात तिनं फिल्म घेतली.
मी दिवा पुढे केला, तो तिनं बाजूला सारला,
डोळे मिटले
आणि तर्जनीचं पेर रेघांवरून नेलं,
चौदा वर्षं तुटका धागा शोधलेलं पेर.
"इथं."

भिंगाखाली: केसभर फट.
चांदी तिथवर गेलीच नव्हती.
जाळीत कसलासा तंतू अडकलेला,
लोकरीचा,
बहुतेक माझ्याच स्वेटरचा.

नवी फिल्म भट्टीतून येईपर्यंत
तिनं दोन कप कॉफी प्यायली, बिनसाखरेची.
पुन्हा चिकटवलं. पुन्हा, अंगठा उचला.
सहावी रेघ आधी काहीच बोलली नाही,
मग बऱ्याच दिवसांनी घसा खाकरावा
तशी हलली.

फोल्के वहीतलं खोडत होता,
कागद फाटेल इतकं.
गुनबोर्ग पडद्याकडे बघतही नव्हती.
"कापडात दोष निघाला की पगार कापायचे," ती म्हणाली.
मी विचारलं, कुणाचा?
"विणणारीचा.
मागाचा कसा कापणार?"

आणि डावा हात उजव्यानं उचलून
तिनं परत खिशात ठेवला,
या वेळी जपून.