फिटकरी

रस्ता सिमेंटचा करायचा म्हणून
गोळीबार चौकाच्या आतल्या गल्लीतली बाभूळ तोडली,
वैशाखात, भर दुपारी.
फांदीसोबत हा पडला.
मागचा पाय सुजलेला, अंग कोळशासारखं,
तोंड उघडं, आवाज नाही.
पोट्टे दगड घेऊन तयार.
मी पिशवीतली वांगी ओच्यात घेतली
आणि पिशवीत याला.

"अवो, घोयरा हाय तो," शेवंताबाई हेडाऊ दारातूनच,
"फुंकला तं माणूस सुजते. कायले घरात नेता?"

घरात आधीच एक जण होते,
हलवायचे, भरवायचे, कुशीवर वळवायचे.
मामंजी. उजवी बाजू गेली, सोबत बोलणंही गेलं.
चाळीस वर्षं सूत रंगवलं त्या हातानं.
नखांत निळा इतका मुरलेला की जेवणात दिसायचा.
दर रविवारी मी नखं कापत गेले
आणि एका रविवारी
निळा संपला.

वाटीतलं पाणी घोयऱ्याला दिसतच नाही.
पानावरून ओघळलं, तरच ते पाणी.
मेडिकलमधून आणलेली सलाईनची एक नळी उरली होती,
ती कूलरच्या खिडकीत टांगली, मोगऱ्याच्या कुंडीवर.
चाक फिरवत फिरवत आणलं
मिनिटाला दहा थेंबांवर. हात सरावलेला होता.
मामंजींनी नळीकडे पाहिलं,
कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
अर्ध्या तोंडानं हसले बहुतेक.

धकात्यांचा प्रणीत काडेपेटीतून नाकतोडे आणायचा,
दोन रुपयांना तीन, मेलेला परत घेणार नाही.

सरड्याची धाव म्हणे कुंपणापर्यंत.
याला धाव कुठली!
सांडशीसारखा पंजा उचलायचा,
हवेतच विचारात पडायचा,
पुढे-मागे झुलायचा,
मग ठेवायचा, जिथे होता त्याच्या दोन बोटं पुढे.
मामंजी वॉकरवर असेच.
कोणालाच घाई करता येत नाही, हे मी त्या उन्हाळ्यात शिकले.
शिकले म्हणजे, काही दिवस ओरडले आधी.

डोळे मात्र माझेच होते त्याला.
एक कुकरकडे, एक पलंगाकडे.
आमचे हे बुटीबोरीहून रात्रपाळी करून यायचे,
म्हणायचे, "माझ्याकडे कोणत्या डोळ्यानं पाहतेस?"

रात्री मामंजींना कूस द्यायला उठले
की बॅटरी कुंडीवरही मारायचे.
झोपला की तो पांढुरका पडायचा,
शेपटी जिलबीसारखी आत गुंडाळलेली.
दिवसभराचा सगळा रंग कुठेतरी काढून ठेवल्यासारखा.

तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली.
सकाळचं ऊन खसच्या ताटीतून गाळून आलं
आणि तो हिरवा झाला.
अंगावर पिवळे पट्टे,
क्षणात फिके, क्षणात गडद.
पलंगावरून आवाज आला,
"फिट... फिट..."
मी धावले. फिट आली की काय!
मामंजींचा डावा हात खिडकीकडे.
"फिटकरी."
न्हाणीघरातून दाढीचा खडा आणून दिला,
त्यांनी तो रागानं लोटून दिला.
पुन्हा खिडकीकडे बोट.
"कमी."

तेव्हा कळलं.
रंग बसत नाहीये, म्हणत होते.
कारागिरावर चिडले होते, जो कोण असेल त्याच्यावर.
मी तशीच खाली बसले, खडा मुठीत धरून,
आणि कितीतरी वेळ हसले.
ते हसले नाहीत. कामाच्या वेळी हसत नसत.

वनखात्याचा पोरगा फोनवर म्हणाला,
"ताई, कायद्यानं ठेवता येत नाही. तपासतो, मग सोडू."
गोरेवाड्याच्या बाजूला एका बाभळीवर
त्यानं माझ्यादेखत सोडला.
पहिली फांदी पार करायला याला अर्धा तास लागला.
ऑटोवाला मीटर दाखवत उभा.
मागे वळून पाहिलं नाही त्यानं.
त्याला वळायची गरजच नसते.

नळी अजून टांगलेली आहे.
बंद करायला गेले की पलंगावरून "अं" येतो.
मिनिटाला दहा थेंब.
मोगरा यंदा वेड्यासारखा फुललाय.
शेवंताबाई विचारतात, काय घातलं वो?
मी सांगते, कूलरचं पाणी.