एक बोट जागा

शुवेखच्या गल्लीत, टायरवाल्याच्या पाठीमागे आमचं शेड.
बू मिशारी आला तेव्हा मी डबा उघडत होतो.
म्हणाला, तंबू हवा, सुबियाच्या वाळवंटात, थंडीपुरता.
दोघांनी उभा करायचा, चहा उकळेपर्यंत.
शमाल सुटला तरी जागचा हलता कामा नये,
आणि मिटला की पिकअपमध्ये
मेंढ्याच्या शेजारी मावला पाहिजे.
मेंढा केवढा, ते त्यानं हात पसरून दाखवलं.
तेवढंच माप मिळालं मला.

पहिला सांगाडा आइस्क्रीमच्या काड्यांचा,
रात्री खोलीत, वरच्या पलंगावर बसून,
टाचण्या टोचून केलेला.
कैचीचं असं असतं:
भोक मधोमध पडलं तर ती सरळ चालते,
दोन सूत सरकलं की वाकते, कमान धरते.
चूक आणि कमान यांत फरक एवढाच
की कमानीत प्रत्येक भोक
सारखंच चुकलेलं असतं.

मग खरा पाइप, चौकोनी, इंचाचा.
बोल्ट आठाचा, भोक साडेआठाचं असं मी लिहिलं.
पेरियासामी म्हणाला, अर्धा मिलिमीटर कशाला, डगडगेल.
त्याच्या वेल्डिंगला तीस वर्षं झालेली,
मी खोडलं, आठाचंच केलं.
पाऊस नाही, वारा नाही, नुसती अंगणातली धूळ,
दोन दिवसांत सांधे असे धरले
की मिटवायला घण आणावा लागला.
पेरियासामी काही बोलला नाही.
साडेआठाचा ड्रिल त्यानंच शोधून दिला.

वाळूच्या गोण्या टांगल्या. टिकला.
युनूस चौगले, हर्णैचा, वयानं पोरगा,
मधल्या कैचीला लोंबकळून झोके घेत राहिला. टिकला.
मी वहीत टिकला असं लिहिलं, खाली रेघ मारली.
आणि मिटवताना
त्याच सांगाड्यानं युनूसचं बोट चावलं.

ओरडला नाही. बोट तोंडात घातलं,
दुसऱ्या हातानं स्वतःची कोपरं शोधत बसला,
जणू तीही कुठे अडकली असतील.
दवाखान्यात नाव विचारलं तर माझं सांगितलं.
नख काळं पडलं, मग गेलं.
घरी फोनवर म्हणाला, दार लागलं.

वहीतली ती रेघ मला खोडता येईना.

मजबूत म्हणजे काय, हे मी वजनात मोजत होतो.
आता युनूसच्या डाव्या हाताची तर्जनी
पट्टीवर ठेवली, बँडेज सुटल्यावर,
आणि तेवढी फट ठेवली
प्रत्येक दोन नळ्यांच्या मध्ये, मिटल्यावरही.
नायलॉनचे ठोकळे, एकेका सांध्याला एक.
मिटलेला गठ्ठा वीतभर फुगला.

बू मिशारीनं पिकअपमध्ये ठेवून पाहिला.
मेंढा मावेना.
ही काय फट? पैसे मी लोखंडाचे देतोय की हवेचे?
लोखंड नाही, ॲल्युमिनियम आहे,
एवढंच मला सुचलं.
युनूस शेडच्या दारात उभा होता, हात मागे.
बू मिशारीनं त्याच्याकडे पाहिलं नसेलही.
त्यानं आपलं बोट, अंगठीसकट, फटीत घातलं,
दुसऱ्या हातानं सांगाडा दाबून मिटला,
जोर लावून, दात आवळून,
आणि बोट आत तसंच ठेवून थोडा वेळ उभा राहिला.
मग काढलं. फुंकर मारली, उगाच.
खलास, म्हणाला. मेंढा पुढच्या सीटवर बसेल.
पंधरा दिनार मात्र कापले.

शमालात तो तंबू कसा उभा राहिला, मला माहीत नाही.
कोणी फोन करून सांगितलं नाही,
तक्रारही नाही.
इकडे असं काही आलं नाही की चांगलं समजायचं.

पुढची ऑर्डर जहराची, सहा सांगाडे.
नकाशावर सगळी मापं मिलिमीटरमध्ये,
एक सोडून. तिथे फक्त 'यु' लिहिलंय.
नवा ड्राफ्ट्समन विचारतो, हे कुठलं एकक?
मी म्हणतो, आत जा,
ड्रिलपाशी उभा आहे,
मोजून घे.