सहावं तोंड

भात कापून झालं होतं.
कोळवणच्या खाचरांत नुसती धसकटं,
पायाला टोचणारी, बुडाशी अजून ओली.
मी नऊ वर्षांचा. चांगूमामानं पहिल्यांदाच
माझ्याकडं काही सोपवलं : एक मडकं.
फुटकं न्हाय, म्हणाला, भोकं पाडलेलं.
फरक शीक.

बांधाशी उकिडवा बसून त्यानं
दोन चिमटी माती माझ्या नाकाशी धरली.
"ही कालची. ही आज पहाटंची.
शिळ्या मातीमागं लागशील तर उपाशी निजशील."
मला दोन्हीला मातीचाच वास आला.
मी मान हलवली.

तोंडं किती बिळाला?
दोन, मी म्हणालो.
मामा हसलाही नाही. काठीच्या टोकानं दाखवत गेला,
बांधाच्या कुशीत, करवंदीच्या जाळीखाली,
खेकड्याच्या जुन्या घरातून आडवं निघालेलं,
आणि एक तर मी ज्यावर उभा होतो.
पाच बुजवली गवताच्या बोळ्यांनी.
सहावं माझं.

"हितं बस. सावली पाडू नको.
अन् त्याच्याकडं बघत बसू नको. धर."

सोमीमामीनं मडक्यात पेंढा पेटवला,
वर शेणकुटाचा चुरा, आणि फुंकत राहिली
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.
बराच वेळ काही नाही.
मग जमीन आतून खोकल्यासारखी झाली
आणि तो आला.

मागं एवढा धूर, तरी तोंडात लोंबी
आडवी धरलेली. दाराशी ती अडकली.
त्यानं मान तिरकी केली,
जसा मामा कुडाच्या दारातून मोळी आत घेताना करतो.

मी पाहिलं.

हात खाली आला तेव्हा मुठीत धसकट होतं.
टिपऱ्या कुत्रा भुंकत लांबपर्यंत गेला
आणि नुसताच परत आला.
बुधी हसली. मामानं कुदळ उचलली.

दुपार कलली तेव्हा कोठी लागली, हातभर खोल,
लोंब्यांवर लोंब्या, सगळ्या देठांची तोंडं एकीकडं.
आमच्या घरात इतकं नीट काहीच नव्हतं.
पाटी भरली. शेवटची ओंजळ मामानं
परत आत ठेवली, वर माती लोटली.
का?
"परत आला तर खाईल काय?
तू सोडलास ना? मग पुढल्या साली तूच धर."

रात्री निखाऱ्यावर चार भाजले, दुसऱ्या बिळांतले.
माझ्या पानात सगळ्यांइतकंच पडलं.
कुणी काही बोललं नाही.
तोच घास उतरेना.

पुढल्या साली मी आश्रमशाळेत होतो.

आता हिंजवडीत, तिसऱ्या फेजला,
काचेच्या इमारतीच्या पोटात माझी रात्रपाळी.
पाठीवर कंपनीचं नाव, हातात गोंदाचे पुठ्ठे.
इथं माती नाही, शिळी नाही की ताजी.
तरी मी वाकून वास घेतो वायरींच्या वाटांचा,
आणि तोंडं मोजतो : गटार, लिफ्टची खाच,
कॅन्टीनच्या सिंकखालचं, जिन्यामागचं, पाइपाभोवतीचं.

परवा एकजण पुठ्ठ्यावर जिवंत सापडला.
चारी पाय गोंदात,
दातांत बिस्किटाचा तुकडा, तसाच.

सकाळी फॉर्म भरायचा असतो :
तोंडं आढळली किती, बंद केली किती.
दोन्ही रकान्यांत
मी पाच लिहितो.