ज्योत वाकवायची

डॉक्टर शिरगुप्पे म्हणाले,
चार मोजत आत घ्या, सहा मोजत बाहेर सोडा,
गोळी आत्ताच नको.
मी मान डोलावली,
ताराराणी चौकात येऊन एक शहाळं प्यायले
आणि चार आधी की सहा
ते तिथंच विसरले.

वीजबिलाच्या तक्रार खिडकीत बसते मी,
अकरा वर्षं.
काचेला हात जाईल एवढं भोक आहे.
त्यातून बिलं येतात, आणि आवाज.

सोमवारी कसबा बावड्याचे भूपाल चौगुले आले.
"तीन खोल्यांचं घर आन् ह्यो आकडा?
आमी काय सोप्यात गुऱ्हाळ चालवतोय व्हय?"
मागची रांग हसली.
माझ्या छातीत कुणीतरी
पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं.
"रीडिंग बघते," म्हणाले,
पण श्वास गळ्यापाशीच उभा,
चप्पल हातात घेऊन दारात थांबलेल्या पाहुण्यासारखा.

शेजारचा इंगवले म्हणतो,
मॅडम, एक नाकपुडी दाबायची, मग दुसरी,
माझ्या मेहुणीला लई फरक पडला.
इंगवले, त्याला एक हात रिकामा लागतो.

आणि मग, कुठून कोण जाणे, हुपरी.
मागची खोली. भर दुपारीही झडप लावलेली,
उजेडात ज्योतीचा रंग कळत नाही म्हणून.
आण्णा मांडी घालून,
ओठांत पितळेची बाकनळी,
समोर रॉकेलचा दिवा,
कोळशावर पैंजणाची एक कडी,
सांध्यावर चिमूटभर टाकणखार.
फुंकर सुरू व्हायची ती तुटायचीच नाही.
गालातली हवा बाहेर जातेय तोवर
नाकानं गुपचूप दुसरी आत.
आण्णा, तुमी श्वास कवा घेता?
उत्तर नाही. तोंडात नळी.
कडी लाल झाली, डाग पाण्यासारखा पळाला,
तेव्हा कुठं नळी काढून म्हणाले,
"जोरात फुकलीस तर दिवा इझंल.
भिऊन फुकलीस तर डाग पळायचा न्हाई.
ज्योत इझवायची नसती, बाळ.
वाकवायची."

मी ओठांचा चंबू केला.
काचेच्या भोकात एक दिवा आहे असं धरलं,
त्याच्या मागं चौगुल्यांचा सदरा, वरचं बटण तुटलेलं.
सोडत गेले. मोजलं नाही.
"शिट्टी मारताय व्हय, बाई?"
नाही हो, म्हणाले,
आणि मला हसू आलं, त्यांनाही थोडं.
रीडिंग बरोबरच निघालं.
ते त्यांना पटलं नाही, पटणारही नव्हतं,
हप्ते पाडून द्या म्हणत, कागद चुरगाळत गेले.
एवढंच की सांगताना माझा आवाज फाटला नाही.
पुढच्या माणसाला फाटला. त्याच्या पुढच्याला नाही.

रविवारच्या गाडीनं हुपरीला गेले.
गॅसची बंदूक आल्यापासून नळी खुंटीला आहे,
तिच्यावर आता सुनेची पिशवी लटकते.
चाळीस वर्षांचा धूर आण्णांच्या छातीत राहायला आलाय,
भाडं देत नाही, उठतही नाही.
दवाखान्यातली पोरगी त्यांना शिकवून गेली :
आजोबा, नाकानं घ्या, ओठ मिटत आणा,
मेणबत्ती हलेल इतकंच सोडा.
"मला शिकवायला आलीया," आण्णा म्हणाले,
आणि हसता हसता त्यांना खोकला आला,
तो पाठ चोळली तरी बराच वेळ थांबेना.

मग दोघं समोरासमोर बसलो.
दिवा नव्हता, म्हणून मी तळहात धरला.
त्यांनी ओठ जुळवले, अजून तसेच,
मधे नळी असल्यासारखे.
पोचली का? खुणेनं विचारलं.
पोचली, म्हणाले.

अर्ध्या वाटेपर्यंत आली होती.
उरलेली वाट मी हातच पुढं नेला.