सुपारी

धुळे–सुरत, मुक्कामी गाडी.
म्हणजे आज सकाळी सात ते उद्या दुपारचे बारा.
निघताना कळण्याची भाकरी कुस्करून ठेवायची,
पाणी दोन भांड्यांत,
पंखा तीनवर, रेडिओ चालू.
घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं तिला.
तिकिटांचं मशीन गळ्यात अडकवलं
की सुपारी कॉटखाली जायची.
निरोप घ्यायचा नाही, हे तिनंच ठरवलेलं.

परत यावं तर भाकरी तशीच,
कडा वाळून वर आलेल्या,
आणि माझ्या एका चपलेवर तिची हनुवटी.
चावलेली नाही चप्पल.
नुसती जवळ घेतलेली.

रबरी चेंडू आणून दिला.
तो एकदा घरंगळला, भिंतीला टेकला.
परत कुणी फेकलाच नाही.

मी चव्वेचाळीस सीटांची माणूस.
नवापूरला कोण उतरणार, खिडकी कुणाला हवी,
सुट्टे असून कोण नाही म्हणणार, सगळं ठाऊक.
दिवसभर खांद्यांखांद्यांतून वाट काढते
आणि घरी एक जीव
दाराच्या फटीतून आलेला देवपूरचा रस्ता
हुंगून हुंगून संपवतो.

शेजारचे उखाआप्पा भिंतीवरून म्हणाले,
"भूक नही शे तिले, बेटा. कोनी जोयजे."
वाटलं, आता म्हणतील, सोड माझ्याकडे.
तर म्हणाले, "माले कुत्रं नही आवडत,"
आणि शेंगा फोडत बसले.

मग वैशाखात न्हाणीमागची भिंत
चार विटांनी खचली.
पलीकडे आप्पांची बकरी,
एक शिंग मोडलेली, स्वभावानं खाष्ट.
पहिल्या दिवशी तिनं ढुशी दिली.
दुसऱ्या दिवशीही दिली.
तिसऱ्या दिवशी दोघी कडुनिंबाखाली
पाठीला पाठ लावून धापा टाकत होत्या.

आता कुलूप काढते तर घर रिकामं.
हाक मारते.
सुपारी दुसऱ्या हाकेला येते, धावत नाही,
अंगाला लेंड्यांचा वास, कानात कुसळ.
पहिल्यांदा झालं तेव्हा
मी बूट न काढता तशीच उभी राहिले.
खोटं कशाला बोलू, लागलं मनाला.

गवंडी आला होता, भिंतीचं विचारायला.
मी काही बोलायच्या आत
आप्पांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.
"मनी बकरीले करमत नही," एवढंच म्हणाले.

भाकरीचं ताट हल्ली चाटून पुसून लख्ख असतं.
कुणी खाल्ली,
ते मी विचारत नाही.